माझ्याकडे तर उघडतंय

एका तालुक्याच्या गावात एक लहानशी शाळा होती. पाचवी ते दहावी, प्रत्येक इयत्तेची एकच तुकडी. पुढच्या बाजूला ऑफिस, मैदानापलीकडे शिक्षकांची खोली, आणि मागे, जिथे पूर्वी विज्ञानाची प्रयोगशाळा होती तिथे, कॉम्प्युटर लॅब.

शाळेचं लिखाणकाम बरीच वर्षं पेन ड्राइव्हवर चाललं. एकाचा पेन ड्राइव्ह दुसऱ्याच्या कॉम्प्युटरला लागायचा आणि एखाद्या सकाळी सगळ्या फोल्डरांच्या जागी शॉर्टकट उगवलेले असायचे. निकालपत्रकं गेली, प्रश्नपत्रिका गेल्या, अशी ओरड व्हायची. याला कंटाळून कॉम्प्युटरच्या सरांनी एका उन्हाळी सुट्टीत ऑफिसपासून लॅबपर्यंत केबल ओढली, स्विच बसवला, आणि ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर एक फोल्डर करून ते सगळ्यांना शेअर केलं. हेडसरांच्या टेबलावर, शिक्षकांच्या खोलीत आणि लॅबमध्ये ते ‘एस ड्राइव्ह’ म्हणून दिसू लागलं. शिक्षकांना त्यात आपापल्या फोल्डरमध्ये लिहिता येई. मुलांना एकच फोल्डर दिसे आणि तेही फक्त वाचता येई. सगळे त्याला ‘शेअरिंग’ म्हणत. शेअरिंग आलं आणि पेन ड्राइव्ह कपाटात गेले.

ते फोल्डर ज्या कॉम्प्युटरवर होतं तो भाऊसाहेबांच्या टेबलावर होता. भाऊसाहेब म्हणजे शाळेचे लिपिक. दाखले, बोनाफाइड, शालार्थची पगारबिलं, यूडायसची माहिती, सगळं त्यांच्याच हातून जात असे. माणूस सरळ आणि कामसू. सकाळी साडेदहाला येऊन बसले की दुपारच्या सुट्टीपर्यंत खुर्ची सोडत नसत.

एका दिवाळीच्या सुट्टीत माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून लॅबला १० कॉम्प्युटर दिले. आधीचे १२ होते, आता २२ झाले. सरांना फार आनंद झाला. त्यांनी टायपिंगचे धडे शेअरिंगवर ठेवले, म्हणजे २२ ठिकाणी तेच ते भरायला नको. दुसऱ्या सत्रापासून आठवी-नववीला टायपिंग सुरू झालं. सोमवार ते शुक्रवार, रोज तिसरा तास.

शाळेत मराठी शिकवणाऱ्या एक बाई होत्या. निवृत्तीला दोनेक वर्षं उरली होती. कॉम्प्युटर त्या उशिरा शिकल्या, पण मन लावून शिकल्या. त्यांचा ऑफ तास तिसरा होता. त्या तासाला शिक्षकांची खोली रिकामी असे. बाई कॉम्प्युटर सुरू करत, शेअरिंग उघडत, नववीचे गुण भरत आणि वीज वाया जाऊ नये म्हणून काम झालं की कॉम्प्युटर बंद करत. ही त्या खोलीतली सगळ्यांचीच पद्धत होती.

दुसरं सत्र सुरू झालं आणि बाईंचं शेअरिंग उघडेना. एस ड्राइव्हवर लाल फुली दिसे. त्यावर दोनदा टिचकी मारली की थोडा वेळ काहीच होत नसे, मग इंग्रजीत दोन-तीन ओळींचा एक निरोप येई. बाई ‘ओके’ दाबून तो बंद करत आणि पुन्हा प्रयत्न करत. तास संपे. काम राहून जाई.

बाई मैदान ओलांडून ऑफिसात गेल्या.

“भाऊसाहेब, शेअरिंग उघडत नाही हो.”

भाऊसाहेबांनी समोरच्या पडद्यावर फोल्डर उघडलं. ते लगेच उघडलं. त्यांनी पडदा बाईंकडे वळवला.

“हे बघा बाई. माझ्याकडे तर उघडतंय.”

बाईंनी पाहिलं. खरोखरच उघडत होतं. त्या परत गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा आल्या. तेच बोलणं झालं. तिसऱ्या वेळी भाऊसाहेब म्हणाले, “बाकी सगळ्यांचं चालतंय, बाई. तुमच्याच हातून काहीतरी दाबलं जात असेल.” ते रागाने बोलले नव्हते. त्यांना तसं खरंच वाटत होतं. गणिताच्या सरांचा ऑफ तास पहिला होता, त्यांचं शेअरिंग उघडत होतं. इतिहासाच्या बाईंचा सातवा, त्यांचंही उघडत होतं. तिघंही एकाच खोलीत, एकाच कॉम्प्युटरवर बसत. मग दोष कॉम्प्युटरचा कसा असेल?

तिकडे लॅबमध्येही काहीतरी बिनसलं होतं. टायपिंगच्या तासाला नेहमी दोन-तीन कॉम्प्युटरवर धडा सुरूच होत नसे. सर त्या मुलांना शेजारच्यांबरोबर बसवत आणि तास पुढे नेत. विशेष म्हणजे हे कॉम्प्युटर रोज तेच नसत. एके दिवशी खिडकीजवळचे, तर दुसऱ्या दिवशी दाराजवळचे. सरांना वाटलं, दान आलेल्या कॉम्प्युटरांत काही जुने असणारच. जो बिघाड रोज जागा बदलतो तो त्या जागेचा नसतो, हे त्या गडबडीत त्यांच्या ध्यानात आलं नाही.

बाईंनी हेडसरांच्या कानावर घातलं. हेडसरांनी गावातल्या कॉम्प्युटरच्या दुकानात निरोप धाडला. एक तरुण मुलगा आला. हुशार होता आणि घाईत होता. त्याने बाईंना काही विचारलं नाही, भाऊसाहेबांना विचारलं.

“उघडत नाही म्हणजे परवानगीचा प्रॉब्लेम असतो,” तो म्हणाला. त्याने फोल्डरच्या परवानग्यांत ‘एव्हरीवन’ घातलं आणि समोरच्या सगळ्या चौकटींत खुणा केल्या. मग पासवर्ड विचारणं बंद केलं. फायरवॉल बंद केली. विंडोजने मुद्दाम बंद ठेवलेली शेअरिंगची एक जुनी पद्धत होती, ‘एसएमबी १’ नावाची, तीही सुरू करून दिली. शेवटी भाऊसाहेबांचा कॉम्प्युटर रीस्टार्ट केला.

बाईंना बोलावलं. शेअरिंग उघडलं. मुलगा पैसे घेऊन गेला. सगळे म्हणाले, चला, सुटलं एकदाचं.

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या तासाला ते पुन्हा उघडेना.

आता एक उपाय मात्र सापडला होता. रीस्टार्ट केलं की बाईंचं काम होत होतं. मग शिपाई मामा मैदान ओलांडून येत आणि भाऊसाहेबांना म्हणत, “बाई म्हणत्यात, बंद करून चालू करा.” भाऊसाहेबांचं हातातलं बिल अर्धवट राही. लॅबमधल्या मुलांचे धडे मध्येच अडकत. हेडसरांचं पत्रक हातातून जाई. सगळे वैतागत, आणि सगळ्यांचा वैताग शेवटी एकाच माणसावर जाऊन थांबे. बाईंना ते कळत होतं. हळूहळू त्यांनी निरोप धाडणं कमी केलं.

डिसेंबरमध्ये एका सकाळी नववीचं पहिल्या सत्राच्या गुणांचं फोल्डर दिसेनासं झालं. भाऊसाहेबांनी रिसायकल बिन उघडली. ती रिकामी होती. सरांनी लॅबमधल्या आणि शिक्षकांच्या खोलीतल्या कॉम्प्युटरांवरच्या रिसायकल बिनही पाहिल्या. तिथेही काही नव्हतं. नेटवर्कवरून उघडलेल्या फोल्डरमधली वस्तू पुसली की ती रिसायकल बिनमध्ये जात नाही, सरळ नाहीशी होते, हे शाळेला त्या दिवशी कळलं.

“शनिवारी कोण होतं त्या फोल्डरमध्ये?” हेडसरांनी विचारलं.

शनिवारी बाईंनी गुण तपासले होते. शनिवारी त्यांचं काम होत असे. कुणी काही बोललं नाही, आणि त्या न बोलण्यात सगळं आलं.

बाईंनी आपली गुणांची वही काढली. त्यांनी सगळे गुण आधी हाताने लिहून ठेवले होते. दोन संध्याकाळ थांबून त्यांनी ते पुन्हा भरले, पेन ड्राइव्हवर घेतले आणि भाऊसाहेबांच्या टेबलावर ठेवले. त्यानंतर त्या शेअरिंगच्या वाटेला गेल्या नाहीत. तक्रार थांबली. शाळेला वाटलं, बिघाड गेला.

जानेवारीत एक आजोबा ऑफिसात आले. त्यांची नात आठवीत होती, तिच्या शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी बोनाफाइड हवं होतं. ते टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले होते. उमेदीची बरीच वर्षं त्यांनी एक्स्चेंजमध्ये फॉल्ट शोधण्यात घालवली होती आणि काही वर्षं १९८ नंबरवर बसून लोकांच्या तक्रारी घेतल्या होत्या. ते बाकावर बसले असतानाच हेडसर हातात वही घेऊन आले.

“भाऊसाहेब, बाई गुण वहीवर का देतायत? शेअरिंगवर का नाही भरत?”

“त्या म्हणतात उघडत नाही,” भाऊसाहेब म्हणाले. “माझ्याकडे तर उघडतंय.”

आजोबांनी मान वर केली. “रागावू नका,” ते म्हणाले, “पण एक विचारू का? उघडत नाही असं कोण म्हणतं? कुठे बसून म्हणतं? आणि किती वाजता?”

ऑफिसात थोडा वेळ शांतता पसरली. मग सगळे एकदम बोलू लागले. बाईंना सवय नाही. दुकानातल्या मुलाने नीट केलं नाही. दान आलेले कॉम्प्युटर जुने आहेत. मुलं काहीही दाबतात. आजोबांनी सगळं ऐकून घेतलं.

“हे सगळं ‘कुणामुळे’ झालं,” ते म्हणाले. “मी विचारलं ‘किती वाजता’.”

दाराशी मामा पाण्याची कळशी घेऊन उभे होते. ते म्हणाले, “मी सांगू का? बाईंचं सकाळी उघडतं. तिसऱ्या तासाला उघडत नाही. शनिवारी दिवसभर उघडतं. आणि मागं एकदा लॅबची लाइट गेली होती ना, त्या दिवशी तिसऱ्या तासालाबी उघडलं होतं. बाई खूश होत्या त्या दिवशी.”

सगळ्यांनी मामांकडे पाहिलं. मामा रोज सगळ्या खोल्यांतून फिरत होते. कुठे काय चालतं आणि केव्हा अडतं, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांना कुणी विचारलं नव्हतं इतकंच.

“चला,” आजोबा उठले. “बाई जिथे बसतात तिथे जाऊ.”

“इथूनच बघता येईल की,” भाऊसाहेब म्हणाले.

“इथून दिसत असतं तर तुम्हाला केव्हाच दिसलं असतं. भाऊसाहेब, तुम्हीही चला.”

तिसरा तास नुकताच सुरू झाला होता. भाऊसाहेब खुर्चीतून उठले आणि आजोबांबरोबर मैदान ओलांडून निघाले. लॅबमधल्या मुलांना काम देऊन कॉम्प्युटरचे सरही आले. बाई वह्या तपासत होत्या. इतकी माणसं पाहून त्या बावरल्या.

“बाई,” आजोबा म्हणाले, “तुम्ही रोज जसं करता तसं करा. मी नुसतं बघतो.”

बाईंनी कॉम्प्युटर सुरू केला. तो सुरू होईपर्यंत आजोबा वाकून त्याच्या मागच्या बाजूला पाहत होते. केबलच्या टोकाशी हिरवा दिवा लुकलुकत होता. “तार शाबूत दिसते,” ते म्हणाले. मग त्यांनी सरांना विचारलं, “इथून तिकडे हाक मारून बघता येते ना?” सरांनी काळी खिडकी उघडून भाऊसाहेबांच्या कॉम्प्युटरला पिंग केलं. चारही उत्तरं लगेच आली. “म्हणजे रस्ताही मोकळा आहे. फॉल्ट पुढे आहे.” एक्स्चेंजमध्ये ते असंच करत. लाइन मधोमध तोडून पाहायची, अर्धी चांगली निघाली की ती सोडून द्यायची आणि उरलेल्या अर्ध्यात शोधायचं. अंदाजाने दहा जागी हात घालण्यापेक्षा हे सावकाशीचं काम लवकर संपतं. शिवाय न बिघडलेल्या जागा त्यात बिघडत नाहीत.

बाईंनी एस ड्राइव्हवर दोनदा टिचकी मारली. थोडा वेळ गेला. मग तो निरोप आला. सवयीने बाईंचा हात ‘ओके’कडे गेला.

“थांबा,” आजोबा म्हणाले. “वाचू या. काय म्हणतोय तो?”

बाईंनी चष्मा सारखा केला. पहिल्या ओळीत एस ड्राइव्हचं नाव होतं. पुढचं वाक्य त्यांनी एकेक शब्द करून वाचलं आणि मराठीत सांगितलं. “या कॉम्प्युटरला आत्ता आणखी जोडण्या करता येणार नाहीत. कारण तो जितक्या घेऊ शकतो तितक्या आधीच झाल्या आहेत.”

खोलीत कुणी काही बोललं नाही. निरोप पहिल्या दिवसापासून हेच सांगत होता. तो आल्यावर बंद करायचा असतो, एवढंच सगळे शिकले होते.

“सगळ्या लाइन बिझी,” आजोबा म्हणाले. “आमच्याकडे सणासुदीला असंच व्हायचं. ट्रंक लाइन ठरावीक. त्या भरल्या की पुढच्याला एंगेज टोन. त्याचा फोन चांगला, तारही चांगली, नंबरही बरोबर लावलेला. पण तो बिचारा आपलाच फोन आपटत बसायचा.”

सरांच्या चेहऱ्यावर एकदम उजेड पडला. ते ऑफिसकडे धावले, मागोमाग सगळे गेले. भाऊसाहेबांच्या कॉम्प्युटरवर त्यांनी ‘कॉम्प्युटर मॅनेजमेंट’ उघडलं, त्यात ‘शेअर्ड फोल्डर्स’, त्यात ‘सेशन्स’. या घडीला बाहेरून कोण कोण आत आलं आहे याची यादी समोर आली. मामांनीही वाकून पाहिलं. सर बोटाने मोजत गेले. लॅब १, लॅब २, लॅब ५... लॅबचे १९ आणि हेडसरांचा १. एकूण २०.

“विंडोजच्या साध्या कॉम्प्युटरला एका वेळी बाहेरच्या २० कॉम्प्युटरांनाच आत घेता येतं,” सर म्हणाले. “त्याचा परवानाच तसा आहे. त्याहून जास्त हवे असतील तर सर्व्हरची वेगळी विंडोज घ्यावी लागते. पूर्वी लॅबमध्ये १२ होते, तेव्हा ही गोष्ट आपल्याला कळायचं कारणच नव्हतं.”

आता सगळं जुळत गेलं. टायपिंगचा धडा शेअरिंगवरून चाले, त्यामुळे तो उघडा असेपर्यंत प्रत्येक कॉम्प्युटर एक जागा धरून बसे. नुसतं उघडून सोडलेलं शेअरिंग विंडोज पंधराएक मिनिटांनी आपोआप सोडून देते, पण फाइल उघडी असली की सोडत नाही. बावीसांपैकी जे तीन मागे पडत त्यांना धडा मिळत नसे, म्हणून लॅबमधला बिघाड रोज जागा बदले. आणि बाई त्या सगळ्यांच्या नंतर येत. रीस्टार्ट केलं की सगळेच बाहेर फेकले जात आणि वाट पाहत बसलेल्या बाई पहिल्या आत शिरत. म्हणून रीस्टार्टचा गुण येई.

“या यादीत माझं नाव कुठे आहे?” भाऊसाहेबांनी विचारलं.

“तुमचं नाव यात येणारच नाही,” सर म्हणाले. “फोल्डर याच कॉम्प्युटरवर आहे. तुम्हाला बाहेरून आत यावंच लागत नाही. जागा भरल्या काय, रिकाम्या काय, तुमच्याकडे ते उघडतच राहणार.”

भाऊसाहेब पडद्याकडे बघत राहिले.

आजोबा मात्र अजून थांबायला तयार नव्हते. “खात्री करून घेऊ,” ते म्हणाले. सरांनी लॅबमधला दाराजवळचा एक कॉम्प्युटर बंद केला. शिक्षकांच्या खोलीत बाईंनी टिचकी मारली आणि शेअरिंग उघडलं. मग उलट करून पाहिलं. बाईंनी आपला कॉम्प्युटर बंद केला, सरांनी लॅबमधला सुरू करून त्यावर धडा लावला, आणि बाई पुन्हा आल्या तेव्हा तोच निरोप समोर आला. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि बदलल्यावर काय झालं ते पाहायचं, एवढाच आजोबांचा नियम होता.

त्या शनिवारी सरांनी टायपिंगचे धडे लॅबमधल्या प्रत्येक कॉम्प्युटरच्या स्वतःच्या डिस्कवर घातले आणि लॅबमधून एस ड्राइव्ह आपोआप जोडला जाणं बंद केलं. ज्या मुलाला त्यातलं काही हवं असेल त्याने तेवढ्यापुरतं उघडावं आणि बंद करावं. यादीतली गर्दी २० वरून चार-पाचावर आली. एक रुपयाही खर्च झाला नाही.

मग दुकानातल्या मुलाने केलेलं एकेक काम त्यांनी मागे फिरवलं. ‘एव्हरीवन’ काढलं. शिक्षकांना स्वतंत्र नावं आणि पासवर्ड दिले. मुलांना पूर्वीसारखं वाचण्यापुरतंच ठेवलं. फोल्डरवर परवानग्या दोन ठिकाणी असतात, एक शेअरिंगची आणि एक डिस्कवरच्या फाइलची, आणि दोन्हींत जी कडक असेल ती लागू होते, हे त्यांनी भाऊसाहेबांना करून दाखवलं. फायरवॉल सुरू केली आणि ती जुनी पद्धत पुन्हा बंद केली. “२०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय याच जुन्या वाटेने पसरला,” ते म्हणाले. “इंग्लंडमधल्या इस्पितळांचे कॉम्प्युटर त्याने कुलूपबंद केले होते. मायक्रोसॉफ्टने दुरुस्ती मार्चमध्येच दिली होती, पण अनेकांनी ती घेतलीच नव्हती. आपल्याकडे तर बंद असलेलं दार आपणच उघडून घेतलं होतं.”

हे ऐकताना हेडसरांना नववीचं फोल्डर आठवलं. त्यांनी विचारलं, “म्हणजे डिसेंबरमध्ये लॅबमधल्या कुठल्याही कॉम्प्युटरवरून ते पुसता आलं असतं?”

“कुठल्याही,” सर म्हणाले. “मुद्दाम नाही तरी चुकून.”

ते कुणी पुसलं हे कधीच कळलं नाही. हेडसरांनी शोधायलाही लावलं नाही, आणि ते बरंच झालं. त्याऐवजी ते आणि भाऊसाहेब शिक्षकांच्या खोलीत गेले. बाकीचे शिक्षक तिथे बसले होते. डिसेंबरमध्ये न बोलता जे झालं होतं ते सगळ्यांसमोरच झालं होतं, म्हणून हेही सगळ्यांसमोर व्हावं असं हेडसरांना वाटलं. “बाई, नववीचं फोल्डर गेलं त्यात तुमचा काही दोष नव्हता,” ते म्हणाले. “आम्ही तुमचं ऐकायला हवं होतं.”

भाऊसाहेब म्हणाले, “मी एकदा तरी इथे येऊन बघायला हवं होतं, बाई.”

बाई म्हणाल्या, “गुण वहीत होते म्हणून निभावलं. आता त्या फोल्डरची एक प्रत दुसरीकडे ठेवायची काहीतरी सोय करा.” दर शनिवारी शेअरिंगची प्रत एका बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्यायची आणि ती डिस्क जनरल रजिस्टरच्या कपाटात ठेवायची, असं त्याच वेळी ठरलं.

या शाळेत वाईट माणूस कुणी नव्हता. सरांनी मेहनत वाचावी म्हणून धडे एका जागी ठेवले होते, माजी विद्यार्थ्यांनी प्रेमाने कॉम्प्युटर दिले होते, आणि भाऊसाहेब जे सांगत होते ते शब्दशः खरं होतं. तरीही एका बाईंना दोन महिने आपल्याच हातांवर संशय घ्यावा लागला. जो आतच बसलेला असतो त्याला दार बंद झाल्याचं कळत नाही, आणि स्वतःला दिसतं तेवढ्यावरून तो बाहेरच्याला खोटं ठरवतो. तक्रार करणाऱ्याला नेमके शब्द सापडत नाहीत म्हणून त्याची तक्रार खोटी होत नाही. ती समजून घ्यायची तर उठून त्याच्या जागेवर जाऊन बसावं लागतं.

भाऊसाहेबांनी एक शंभर पानी वही घेतली. तिच्यात त्यांनी रकाने आखले. तारीख, वेळ, कोण, कुठल्या कॉम्प्युटरवर, पडद्यावर काय लिहून आलं. वही टेबलाच्या खणात ठेवली.

जूनमध्ये शाळा उघडली आणि पहिल्याच आठवड्यात ग्रंथालयाच्या ताई ऑफिसात आल्या. “भाऊसाहेब, माझ्याकडे शेअरिंग उघडत नाही.”

भाऊसाहेब पगारबिल करत होते. त्यांनी ते सेव्ह केलं, खणातून वही काढली आणि उठले. ग्रंथालयात ताईंच्या शेजारी स्टूल ओढून बसले आणि म्हणाले, “रोज जसं करता तसं करा.” या वेळी निरोप वेगळा होता. नाव किंवा पासवर्ड चुकीचा आहे, असं तो म्हणत होता. भाऊसाहेबांनी तो वहीत उतरवून घेतला. मे महिन्यात सरांनी सगळ्यांचे पासवर्ड बदलले होते. ताईंचा नवा पासवर्ड बरोबर होता, पण कॉम्प्युटरने जुनाच साठवून ठेवला होता आणि विचारल्याशिवाय तोच पुढे करत होता. भाऊसाहेबांनी ‘क्रेडेन्शियल मॅनेजर’ उघडून जुनी नोंद काढून टाकली. ताईंनी नवा पासवर्ड टाकला. शेअरिंग उघडलं.

“मला वाटलं, माझंच काहीतरी चुकतंय,” ताई म्हणाल्या.

“नाही ताई, तुमचं बरोबर होतं,” भाऊसाहेब म्हणाले. “असंच आणखी कुणाचं झालं असेल. मी शिक्षकांच्या खोलीतही बघून येतो.” आणि वही काखेत मारून ते मैदानाकडे निघाले.